रिम पाहावी मोजून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि एवढं करूनही अंगात रग शिल्लक राहिली असेल तर .22 रायफलची पाचशे काडतुसं घेऊन बसावं नि एकेकाची रिम, म्हणजे बुडाशी असलेल्या कडेची जाडी, मोजावी. एका काडतुसाला वीस सेकंद धरले तर पावणेतीन तास होतात. मोजलेलं कोणतं आणि न मोजलेलं कोणतं हा घोळ निस्तरण्याचा वेळ यात धरलेला नाही.

हा सगळा खटाटोप त्या दहाव्या गोळीसाठी. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. नऊ गोळ्या तिथे गुण्यागोविंदाने नांदतात आणि दहावी उगाचच आठात जाऊन बसते. नेमबाज आधी वाऱ्याला बोल लावतो, मग काडतुसाला. स्वतःच्या बोटाचा नंबर फार उशिरा लागतो. खरं तर तो पहिला लागायला हवा, पण बोट निवडून वेगळं काढता येत नाही.

सेंटरफायरवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या काडतुसाच्या बुडात मधोमध बारूद पेटवणारी टोपी (प्रायमर) असते त्यांचं, बरं असतं. ते बारूद स्वतः तोलतात, प्रायमर स्वतः बसवतात. आपलं .22 म्हणजे रिमफायर, त्यात प्रायमर नावाची वेगळी वस्तूच नाही. ओला स्फोटक मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, तळाशी घालतात आणि केस गरागरा फिरवतात, की तो रिमच्या पोकळ घडीत जाऊन बसतो. सगळीकडे सारखा बसला की एका बाजूला जास्त, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आपल्या हातात उरतं ते कारखान्याने जे दिलं त्यात डावं-उजवं करणं.

यातही पंथ आहेत. वजनवाले काडतूस अख्खं तोलतात. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम, केस धरून सगळं मिळून साधारण 3.3 ग्रॅम. त्यात बारूद किती, तर एक-दीड ग्रेन, म्हणजे ग्रॅमच्या एक दशांशाच्याही आत. आता पितळ दहा मिलिग्रॅमने जास्त आणि बारूद दहा मिलिग्रॅमने कमी असेल, तर काटा म्हणतो, छान, अगदी बरोबर. प्रत्यक्षात त्या काडतुसाचं बारूद दहा टक्क्यांनी घटलेलं आहे आणि ते टार्गेटवर सगळ्यात खाली लागणार आहे. वजन म्हणजे बेरीज, आणि बेरजेवरून आकडे ओळखता येत नाहीत हे आपण दुसरीत शिकलेलो असतो. शिवाय 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा इथे कुचकामी, कारण त्याची सर्वांत लहान पायरीच दहा मिलिग्रॅमची. मिलिग्रॅमचा काटा आणावा तर तो पंख्याने हलतो आणि आपण सुस्कारा सोडला तरी हलतो. आणि या कामात सुस्कारे फार सुटतात.

रिमवाल्यांचा युक्तिवाद जास्त पटण्यासारखा आहे. .22 चं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या त्याच्या जागेत, रिमवरच टेकतं. रिमची जाडी साधारण 0.9 ते 1.1 मिलिमीटर. ती पातळ निघाली तर चेंबर मागून बंद करणारा बोल्ट आणि रिम यांच्यात फट राहते, फायरिंग पिनचा थोडा जोर काडतूस पुढे ढकलण्यात वाया जातो, आणि मसाला प्रत्येक वेळी सारखा पेटत नाही. ऐकायला छानच. आता मोजायला बसा.

कॅलिपर म्हणजे जाडी मोजणारा चिमटा; त्याच्या एका जबड्याला गेज (काडतूस रिमपर्यंत आत जाईल असं भोक असलेला तुकडा) बसवायचा, शून्य करायचं, काडतूस गोळीच्या बाजूने गेजमध्ये सोडायचं, जबडा हलक्या हाताने टेकवायचा. 1.02. अंगठा किंचित दाबा, 1.00. काडतूस जागच्या जागी थोडं फिरवा, 1.03. एकाच काडतुसाने तीन राशींत नाव नोंदवलेलं असतं. बहुतेक डिजिटल कॅलिपरची अचूकताच 0.02 ते 0.03 मिलिमीटर आणि आपण राशी पाडतो 0.025 च्या फरकाने, म्हणजे बऱ्याच वेळा आपण निवडतो ते आपल्या अंगठ्याचे मूड. त्यातून गोळीवरचं मेण गेजच्या तोंडाशी साचत जातं, काडतूस पुरतं आत बसत नाही, आणि चाळिसाव्या काडतुसापासून सगळ्या रिमा गूढपणे जाड होऊ लागतात. उपाय असा: दर दहा काडतुसांनी गेज पुसायचा आणि पुन्हा शून्य करायचं. गोळी मात्र पुसायची नाही. ते मेण बॅरलसाठी आहे. पुसलेली गोळी नक्की कुठे जाईल याची हमी नाही.

इथे गंमत बाजूला. आपण ज्या कडेवर जबडा टेकवतो, मसाला त्याच कडेत आहे. जबडा झटक्याने मिटू नये, काडतूस फरशीवर पाडू नये, आणि रिमला चेप पडलेलं काडतूस रायफलमध्ये घालू नये. रायफल या कामाच्या वेळी टेबलावर असायचं काही कारण नाही. गोळी शिशाची असते, तेव्हा उठल्यावर साबणाने हात.

बुडापासून गोळीच्या खांद्यापर्यंतची लांबी मोजणारे आणि काचेवर काडतूस लोळवून वाकडेपणा पाहणारे यांच्याबद्दल फार लिहीत नाही. डोळ्यांना दिसणारी वाकडी किंवा नाकावर खरचटलेली गोळी वेगळी काढावी, इतपत त्यांचं बरोबर आहे.

माझ्या लेखी निवडण्याचा उपयोग एवढाच: टोकाची बाजूला काढणं. राशी तीनच पाडाव्यात. मधली रास सामन्याला. जाड आणि पातळ रास सरावाला. हौसेने सात राशी पाडणाऱ्याच्या हातात शेवटी चार-चार काडतुसांची बिऱ्हाडं राहतात, आणि सामना असतो साठ शॉटचा. उत्तम प्रतीचं मॅच (सामन्यांसाठीचं) काडतूस मोजायला घ्याल तर जवळजवळ अख्खी डबी एकाच राशीत जाते आणि संध्याकाळ फुकट गेल्याचं दुःख होतं.

शिवाय फायदा झाला हे ठरवायचं कसं? पाच गोळ्यांचा एक सुरेख ग्रुप, म्हणजे टार्गेटवर जवळजवळ पडलेल्या भोकांचा झुबका, हा पुरावा नव्हे. तीच रायफल, तेच काडतूस, आणि लागोपाठच्या दोन ग्रुपांत दुपटीचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. निवडलेली आणि न निवडलेली दुसऱ्या कोणीतरी आपल्याला न सांगता आलटून पालटून हातात द्यावीत, दोन्हींचे निदान पाच-पाच ग्रुप मारावेत, मग बोलावं. वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर गोळी सुमारे 7 मिलिमीटर वर-खाली होते. तेव्हा उभ्या रेषेत पसरलेला ग्रुप काडतुसावर संशय घ्यायला लावतो. आडवा पसरला असेल तर कॅलिपर ठेवून द्या: सेकंदाला 1 मीटरची आडवी झुळूक गोळीला साधारण 5 मिलिमीटर ढकलते, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या निम्मं.

मोजणीपेक्षा जास्त फळ देतो तो लॉट, म्हणजे कारखान्यातून एका खेपेला निघालेला माल. डबीवर लॉट नंबर छापलेला असतो, आणि एकाच नावाच्या दोन लॉटचं एकाच रायफलशी सूत जुळेलच असं नाही. एली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात पकडून एकेक लॉट मारून बघतात ते उगीच नाही. आपण निदान दोन-तीन लॉटच्या एकेक डब्या आणाव्यात, लॉट बदलला की पहिले वीसेक शॉट बॅरलला नव्या मेणाची सवय होण्यासाठी सोडून द्यावेत, मग ग्रुप मारावेत, आणि जमला तो लॉट संपायच्या आत साठवावा. सरावाच्या राशीतली काडतुसं त्या पहिल्या विसांत खपतात, हा आणखी एक फायदा.

हे सगळं कळूनही डबी हातात आली की गेज आठवतोच. ड्रॉवर उघडावा, कॅलिपर काढावा, आणि पडदा कोरा असतो. ही यंत्रं बंद असतानाही सेल खातात. नवा सेल मिळेपर्यंत काडतुसं जशी आली तशीच मारावी लागतात.