नावात काय आहे, असं मीही लिहिलं होतं

परवा आमच्या सोसायटीत एक कागद फिरला. शेजारच्या गावठाणातल्या अनधिकृत इमारतींवर कारवाई करा, असं महापालिकेला निवेदन आणि खाली सह्यांचे रकाने. माझ्या दारात आला तेव्हा एकतीस सह्या झाल्या होत्या. मजकूर चोख होता. आगीचा बंब आत जात नाही, पाण्याचा दाब कमी झालाय, गटारं तुंबतात, त्यांच्या गाड्या आमच्या गेटसमोर लागतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी मी पेन आणते म्हणून आत गेले आणि लवकर बाहेर आलेच नाही. सेक्रेटरी बिचारे पाच मिनिटं उभे राहिले आणि कागद माझ्याकडेच ठेवून खाली गेले.

आता ग्रुपवर कुजबुज आहे की हिला गावाचा पुळका कधीपासून आला. म्हणून लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही १९९४ मध्ये गिरगावातल्या दीड खोलीतून नेरूळला आलो. लोकल नुकतीच इथवर पोचली होती. बँकेतली माझी बदलीही इथल्याच शाखेत झाली. तेव्हा आमच्या काउंटरवर गावांतली माणसं मोठमोठे चेक घेऊन यायची. जमिनीचा मोबदला कोर्टाने वाढवून दिलेला असायचा, व्याजासकट. एक म्हातारबाबा अजून डोळ्यांसमोर आहेत. डोक्यावर टोपी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घालून मऊ झालेले कागद. मॅनेजरसाहेब स्वतः उठून बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, पाच वर्षांच्या ठेवीचं व्याज कागदावर मांडून दाखवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातनं पेणकडं जमीन येल का?"

साहेब म्हणाले, "काका, जमीन कशाला? पैसा बसून वाढेल."

"वाढंल. पर सातबाऱ्यावं नाव कुनाचा लागंल?"

ते गेल्यावर आम्ही हसलो. हो, मीसुद्धा. "या लोकांना पैसा पचत नाही" हे वाक्य त्या शाखेत रोज कुणीतरी म्हणायचंच.

बाबांचा प्रश्न मला कळायला बरीच वर्षं लागली. तोही कळला तो आमच्या अलिबागकडच्या एका सहकाऱ्यामुळे. डबा खाताना तो तिकडच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांच्या संपाबद्दल सांगायचा. १९३३ ते १९३९, खोतांच्या विरोधात कुळांनी शेतं पडीक टाकली. सहा वर्षं. लाकडं विकून, करवंदं खाऊन काढली, पण नांगर धरला नाही. पुढारी नारायण नागू पाटील, पाठीशी डॉ. आंबेडकर. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवसापासून कूळ कसत्या जमिनीचं मालक. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर चढलं.

आणि १७ मार्च १९७० ला सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली. मधे गेली जेमतेम तेरा वर्षं.

ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं नव्या शहरासाठी ठरली. नियोजनकारांचा हेतू वाईट नव्हता. मुंबई गुदमरत होती, खाडीपलीकडे दुसरं शहर हवं होतं आणि त्यांच्या नकाशावर इथे मिठागरं, खाजण, एकपिकी भातशेती होती. म्हणजे त्यांच्या लेखी मोकळी जागा. गावकऱ्याच्या लेखी तिथे बांध होता, त्या बांधावरून झालेली दोन पिढ्यांची भांडणं होती, गावदेवी होती, आणि तेरा वर्षांपूर्वी लागलेलं नाव होतं. दोघांपुढे जमीन एकच, मोजमाप मात्र वेगळं. याला माहितीचा अभाव म्हणत नाहीत. नियोजनकाराला शेतकऱ्याचं उत्पन्न माहीत होतं, शेतकऱ्याला भाव माहीत होता. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईत, जमिनीसाठीच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. (त्या साडेबारातले पावणेचार सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, हाती पावणेनऊ येतात. हे आमच्या सोसायटीत किती जणांना माहीत आहे?)

रोनाल्ड इंगलहार्ट नावाचा एक अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ होता. त्याचं म्हणणं साधारण असं की माणूस लहानपणी ज्याला पारखा होता, त्याचीच किंमत त्याला जन्मभर जास्त वाटते. पोटाची भ्रांत सुटली की पुढच्या पिढीला स्वच्छ हवा, मोकळीक, आपलं मत असल्या गोष्टी महत्त्वाच्या वाटू लागतात. आमच्या सेक्टरला हे फिट बसतं. फ्लेमिंगोंसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो ते आम्हीच, आणि त्याची मला लाज नाही. गावाला मात्र ते अर्धंच लागू पडतं. तिथे पैसा आला, स्कॉर्पिओ आली, पण जत्रा लहान न होता तिप्पट झाली. मुळांचा ठसा पैसा आल्यावरही पुसत नाही, हे इंगलहार्टनेही पुढे मान्य केलं. त्याला आमच्याकडची जत्रा दाखवली असती तर जरा आधी केलं असतं.

आता नावाचं. जून २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून इथे किती तापलं होतं ते आठवा. सिडकोने बाळासाहेब ठाकरेंचं नाव सुचवलं, भूमिपुत्रांना जासईच्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हवे होते. १० जूनला मानवी साखळी, २४ जूनला, म्हणजे दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोला घेराव. त्या दिवशी ट्रॅफिकची वाट लागली होती आणि मी ग्रुपवर लिहिलं, "नावात काय आहे? विमानं वेळेवर उडाली म्हणजे झालं." बावीस अंगठे मिळाले.

त्यातला बाविसावा अंगठा आमच्या ह्यांचा होता. तो बघितला आणि मला घराचं शेअर सर्टिफिकेट आठवलं. घर घेताना बँकेचं कर्ज माझ्या पगारातून, स्टाफच्या सवलतीच्या व्याजाने. सर्टिफिकेट आलं तेव्हा पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. सासरे म्हणाले, नावात काय आहे, घर दोघांचंच. मी तीन महिने अबोला धरला, फॉर्म पुन्हा भरायला लावला आणि नाव वर आणलं. राहायला मिळाल्याशी मतलब, घर दोघांचंच, हा सगळा हिशेब मला तेव्हा कळत होता आणि तरीही नाव हवं होतं. मला हवं ते स्वाभिमान आणि त्यांना हवं ते अडाणीपण, हे मी कुठल्या तोंडाने म्हणत होते?

पण थांबा, गावाची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. त्याच काउंटरवर मी दुसरीही रांग पाहिली आहे. भावांनी रिक्षात घालून आणलेल्या बहिणी. हक्कसोडपत्र आधीच झालेलं, बँकेत फक्त अंगठा किंवा सही. एकीने मला हळूच विचारलं होतं, "ताई, यात माझा काय हाय?" मी काय सांगणार, पान उलटून दाखवलं, सही इथे. सातबाऱ्यावरच्या नावासाठी पाच माणसं गेली त्या समाजात त्या नावांत लेकींची किती होती, हा प्रश्न भूमिपुत्रांच्या व्यासपीठावरून मी तरी ऐकला नाही. मूल्यं एकसंध नसतात. जमिनीबाबत जो अन्याय लख्ख दिसतो, तोच घरात रीत म्हणून चालून जातो.

राजकारण्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. एकच उमेदवार सकाळी आमच्या क्लब हाउसमध्ये उद्यान, सीसीटीव्ही आणि मालमत्ता कर बोलतो, संध्याकाळी गावात पालखीला खांदा देतो आणि घरं नियमित करू म्हणतो. दोन्ही ठिकाणी टाळ्या. आम्ही त्याला दुतोंडी म्हणतो. मला वाटतं, या शहरात दोन्ही भाषा बोलता येणारा तो एकटाच उरलाय, आणि दुभाषाच मालक झाला की काय होतं ते दिसतंच आहे. २९ जून २०२२ ला आघाडी सरकारने शेवटच्या बैठकीत दि. बां.च्या नावाला मंजुरी दिली, पुढच्या सरकारने पुन्हा दिली. ज्याला विरोध करणं परवडत नाही त्याला सगळेच दोनदा मंजुरी देतात.

आणि आमची मालकी तरी कुठे पक्की? सिडकोने जमीन दिली ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्री होल्ड, म्हणजे कायमची आमच्या मालकीची करा म्हणून आम्ही वीसेक वर्षं अर्ज केले. त्या अर्जात आम्हीही हेच लिहिलंय, की जमिनीवर आमचं नाव नाही.

माझ्याकडे कामाला येते ती त्याच गावठाणात राहते. पाच मजली, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की गॅसचा सिलिंडर आडवा करून न्यावा लागतो. आग लागली तर काय, हा प्रश्न मला खरंच झोपू देत नाही. ती इमारत बेकायदेशीर आहे, बांधणाऱ्याने पैसे कमावलेत, आणि ती पाडली तर तिला परवडेल अशी दुसरी खोली अख्ख्या नेरूळमध्ये मला तरी दिसत नाही. काल भांडी घासता घासता तिने विचारलं, "तो फ्रीजवर कागद लावलाय तो कसला?"

मी म्हटलं, सोसायटीचा आहे.

कागद अजून तिथेच आहे, भाजीवाल्याच्या बिलाशेजारी. सेक्रेटरी रविवारी परत येणार आहेत.