सात अक्षरी हसू

इंग्रजी शब्दकोड्यात 'खुशीत हसणे, सात अक्षरं' एवढाच क्लू देऊन मोकळा होणारा माणूस रोज रात्री शांत झोपतो, याचाच मला राग आहे. सात अक्षरांत इंग्रज चार प्रकारे हसतो: चकल, चॉर्टल, स्निगर, स्निकर. शेवटचे दोन लगेच बाद. ते दुसऱ्याची फजिती बघून फिदीफिदी करणं, खुशी त्यात कुठली? उरलेल्या दोघांची सुरुवात सी-एच, शेवट एल-ई. कोड्यात साधारण एकाआड एक घर उभ्या शब्दाला छेदतं. इथे दुसरं, चौथं आणि सहावं. दुसऱ्यात एच आणि सहाव्यात एल मिळून उपयोग शून्य. निकाल चौथ्या घरात: आर आला तर चॉर्टल, सी आला तर चकल. तिथला उभा क्लू होता 'धनुष्याचा जोडीदार, पाच'. ॲरो. दुसरं अक्षर आर. विषय संपला.

पण दाताच्या दवाखान्यात विषय असा संपत नाही. शेजारचे काका वाकले, खिशातलं बॉलपेन काढलं आणि माझ्या मांडीवरच्या पेपरात, माझ्या देखत, कॅपिटलमध्ये 'चकल' लिहून टाकलं. वर्तमानपत्राच्या कागदावर कोडं टू-बी पेन्सिलने सोडवतात ते उगीच नाही. बॉलपेन खोडता येत नाही, खरवडलं तर भोक पडतं.

"काका, खाली आता ए-सी-आर-ओ-डब्ल्यू होतंय."

"बरोबरच आहे. अ क्रो. एक कावळा."

"धनुष्याचा जोडीदार कावळा?"

"अहो, नेम कशावर तरी धरायला नको?"

मी चॉर्टल म्हणून बघितलं. काकांनी चष्मा वर ढकलला. "उभा जन्म इंग्रजीत सरकारी पत्रव्यवहार केलाय मी. एकाही पत्रात हा शब्द नाही. कोणीतरी मनचा बनवलाय."

आता सरकारी पत्रात खुशीने हसणार कोण, ते सोडा. चीड याची की काकांचं शेवटचं वाक्य खरं होतं. शब्द बनवलेलाच आहे, आणि बनवणाऱ्याचं नावही माहीत आहे. लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचे गणिताचे मास्तर चार्ल्स डॉजसन. ॲलिस नावाच्या मुलीवर त्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात 'जॅबरवॉकी' ही कविता आहे. पुस्तक १८७१ च्या डिसेंबरात आलं, मुखपृष्ठामागे छापलं १८७२. पोरगा राक्षसाचं मुंडकं घेऊन घरी येतो आणि सहाव्या कडव्यात आनंदाने चॉर्टल होतं. चकल अधिक स्नॉर्ट: खुदखुदता खुदखुदता नाकातून फुर्र. अशा दोन कप्प्यांच्या शब्दांना त्याच पुस्तकातला हम्प्टी डम्प्टी 'पोर्टमँटो' म्हणतो, म्हणजे मधोमध उघडणारी प्रवासी बॅग. पण हे महाशय पहिल्याच कडव्याचे अर्थ सांगतात. चॉर्टलची फोड मागाहून कोशकारांनी लावली, आणि ऑक्सफर्डचा कोशही ती जपूनच देतो. त्याच कवितेतला 'गॅलम्फ', म्हणजे धपाधप उड्या मारत जाणं, हाही कोशात जाऊन बसला. बाकीचे बरेचसे कवितेतच राहिले.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खोटाच की!"

आणि चकल काय वेदांतून आला? कोंबडीच्या क्लक-क्लकवरून आलाय तो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ मोठ्याने हसणं असा होता. गालातल्या गालात हसणं ही पुढची सुधारणा. कोंबडीचा चालतो, मास्तरांचा चालत नाही!

काकांना आत बोलावलं, ते गेले. पण खरा गुन्हेगार तो क्लू लिहिणारा. क्लूमध्ये 'नाकातून' एवढा एक शब्द घातला असता तर काय बिघडलं असतं? जागा होती. शेजारच्या क्लूमध्ये एका युरोपियन नदीला दीड ओळ दिली होती, आणि तीही तीन अक्षरांची.