भोंगा वाजला आणि वाट माहीत नव्हती

आज टपालानं उत्तर आलं. माहितीच्या अधिकारात मी एकच गोष्ट मागितली होती. आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला जे धरण आहे ते फुटलं, तर पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा. उत्तर एका ओळीचं: 'सुरक्षेच्या कारणास्तव सदर माहिती देता येत नाही.' खाली शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. वाचताना रागानं हात थरथरत होते.

गेल्या पावसाळ्यात भर वर्गात धरणावरचा भोंगा वाजला. पहिलीची 31 मुलं. एकाची चप्पल सापडेना, एक पोरगी माझा पदर सोडेना. कशीबशी रांग करून फाटकापर्यंत आणली आणि तिथेच थबकले. डावीकडे नेऊ की उजवीकडे? डावीकडचा रस्ता चढाचा वाटतो, पण पुढे ओढा आहे. शिपाईमामा माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. भोंग्याची नुसती चाचणी होती, हे नंतर कळलं.

आता सांगा, मुलांना कुठे न्यायचं हे मला कळलं तर देशाला कसला धोका? धरण तर उपग्रहाच्या नकाशावर कुणालाही दिसतं. अतिरेक्यांसाठी हेरगिरी करणाऱ्या डेव्हिड हेडलीनं 26/11 च्या हल्ल्याआधी मुंबईत रेकी केली ती कॅमेरा घेऊन, पर्यटकासारखं हिंडून. त्याला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला नव्हता. अर्ज मी करते, नाव-पत्ता लिहून, 10 रुपयांचा स्टॅम्प लावून. आणि संशय माझ्यावर!

बरं, सगळंच उघडं करता येत नाही, मान्य. दरवाजे कुठून चालवतात, पहारा कधी बदलतो, हे कुणी मागितलं तर देऊच नये. धरणांना धोका नाही असंही मी म्हणत नाही. 2023 मध्ये युक्रेनमधलं काखोव्का धरण युद्धात उद्ध्वस्त झालेलं आपण पाहिलं. पण मग तर खालच्या माणसाला नकाशा जास्तच हवा ना? घातपातानं फुटो नाहीतर गळतीनं, पाणी खालीच येणार. आणि आपल्याकडे पानशेत 1961 मध्ये फुटलं, तिवरे 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेव्हा कुठला अतिरेकी आला होता? तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी तर गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या हो!

कायद्यात सोय नाही असंही नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 सांगतं, द्यायचा नाही तेवढा भाग वगळा आणि उरलेलं द्या. कलम 8 मध्येच लिहिलंय की जनहित मोठं असेल तर नाकारण्याजोगी माहितीही देता येते. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं आपत्कालीन कृती आराखडा करायला लावलाय. तो कपाटात कुलूपबंद असेल तर पाणी आल्यावर वाचणार कोण?

संध्याकाळी मी त्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडे आवाज कोवळा, बहुतेक नोकरीत नवीन. म्हणाला, "मॅडम, उद्या काही झालं तर सही माझी असेल हो." तिथे माझा राग थोडा उतरला. माहिती दिली तर तो एकटा अडकणार, नाही दिली तर त्याला कुणीच विचारणार नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मलाही ठाऊक नाही.

पण पदर धरणारी ती पोरगी आता दुसरीत गेलीय. परवा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिनं विचारलं, "बाई, परत वाजला तर कुठं पळायचं?" मी म्हटलं, सांगते हं. अजून सांगितलेलं नाही.

पहिलं अपील 30 दिवसांत करायचं असतं, मी उद्याच टाकतेय. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मी नि शिपाईमामा ओढ्यापर्यंत चालत जाणार आहोत, त्याच्या पलीकडे खरा चढ कुठून लागतो ते बघायला. जमिनीची उंची मोजता येणारं कुणी असेल तर सोबत या. फाटकापाशी भेटू.