ब्रेगे १९ : लाकडी खोकं, जाहिरातबाजी आणि १९४०

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप तीन : ब्रेगे १९ हे १९२० च्या दशकातलं फ्रेंच लष्करी विमान म्हणजे लाकूड-कापडाचं जुनाट खोकं होतं, त्याची विक्रमी उड्डाणं ही कंपनीची जाहिरातबाजी होती, आणि असल्या दुपंखी विमानांना कवटाळून बसल्यामुळेच १९४० साली जर्मनीपुढे फ्रान्सची दाणादाण उडाली.

लाकडाचा मुद्दा आधी निकालात काढू. सांगाडा ड्युरालुमिनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूच्या, नळ्यांचा, आणि इंजिनापासून निरीक्षकाच्या बैठकीपर्यंत त्याच धातूचा पत्रा. कापड होतं ते पंखांवर आणि शेपटीकडच्या धडावर. खालचा पंख वरच्यापेक्षा बराच आखूड, आणि दोन्ही पंखांमध्ये एकेका बाजूला एकच खांब. पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी विमानांवरचं खांबांचं आणि तारांचं जंजाळ आठवा, म्हणजे मार्च १९२२ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा उडालं तेव्हा किती सुटसुटीत दिसलं असेल ते कळेल.

जाहिरातबाजी? होतीच की! विमानं विकायची होती, आणि विकलीही गेली. स्पेन, युगोस्लाव्हिया वगैरे देशांनी तर परवाना घेऊन घरीच बांधली. पण जाहिरातीने टाकी भरत नाही. १९२४ मध्ये फ्रेंच वैमानिक पेल्तिए द्वाझी हे विमान घेऊन पॅरिसहून टोकियोकडे निघाला, कराची, आग्रा, कलकत्ता करत शांघायपर्यंत पोहोचला आणि तिथे उतरताना विमान मोडून बसला. पुढचा प्रवास त्याने चिनी लोकांकडून मागून घेतलेल्या जुन्या ब्रेगे १४ मधून केला. ही जाहिरात असेल तर फारच प्रामाणिक म्हणायची. कोस्त आणि बेलोंत या फ्रेंच वैमानिकांचंही तसंच. जुलै १९२९ मध्ये अटलांटिकवरून त्यांना मागे फिरावं लागलं. सप्टेंबरमध्ये तेच दोघे उलट दिशेला, मांचुरियातल्या चिचिहारपर्यंत, ७,९०५ किलोमीटर न थांबता गेले. आणि सप्टेंबर १९३० मध्ये पॅरिस ते न्यूयॉर्क, ३७ तास १८ मिनिटांत, समोरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना तोंड देत. त्यांच्या त्या लाल रंगाच्या, लांब पल्ल्यासाठी खास बांधलेल्या ब्रेगे १९ मध्ये पाच हजार लिटरहून जास्त इंधन मावत होतं. एकाच इंजिनावर एवढा बोजा उचलायचा तर सांगाडा त्या ताकदीचा लागतोच.

१९४० चं खापर मात्र चुकीच्या डोक्यावर फोडताय. तोवर फ्रान्सच्या आघाडीच्या तुकड्यांतून हे विमान केव्हाच गेलं होतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रीकांच्या एका ब्रेगे १९ नेच पिंडस डोंगरांत घुसलेली इटलीची ‘जुलिया’ डिव्हिजन हुडकून काढली.

खरं तर टोकायचं होतं तर मोरोक्कोवरून टोकायचं होतं. १९२५ च्या रीफ युद्धात, म्हणजे उत्तर मोरोक्कोतल्या रीफ डोंगराळ भागातल्या बंडखोरांविरुद्धच्या लढाईत, फ्रान्सची हीच विमानं रीफी लोकांवर बॉम्ब टाकत होती, आणि त्यांच्याकडे उलट हवाई मारा करायला काहीच नव्हतं. अशा एकतर्फी आकाशात कुठलंही विमान कर्तबगार दिसतं. लष्करी यंत्र म्हणून त्याची थोरवी सांगणाऱ्यांनी हे आधी सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पेनच्या यादवीत, १९३६ नंतर, दोन्ही बाजू ते वापरत होत्या. समोर नवी लढाऊ विमानं आल्यावर त्याचा निभाव लागेना. तिथे तुमचा ‘जुनाट’ हा शब्द मला बिनशर्त मान्य आहे.