गिअर अचानक अडकला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असे नव्हे

सोलापूर आणि आसपासच्या गाडीमालकांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल आणि एके दिवशी अचानक गिअर पडेनासा झाला, किंवा गिअर पडूनही गाडी जागची हलेनाशी झाली, तर गिअरबॉक्स गेला असे समजावे. तपासणीत वेळ घालवू नये. ऑइल तर मुळीच बदलू नये, नव्या ऑइलने उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. सरळ जुन्या बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवावा, तेच स्वस्त पडते.’ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तरी त्या दिवसाची कमाई बुडते. अशा माणसाला हा ठाम सल्ला चटकन पटतो आणि त्याचा भुर्दंडही त्यालाच बसतो. म्हणून यातील एकेक विधान नीट तपासून पाहिले पाहिजे.

पहिले आणि सर्वांत घातक विधान म्हणजे ‘बिघाड अचानक आला, म्हणून गिअरबॉक्स गेला’. वस्तुस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट असते. गिअरबॉक्सच्या आतले दात, बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा (गिअर पडताना फिरणाऱ्या भागांची गती जुळवणाऱ्या कड्या) हळूहळू झिजतात, आणि झिजताना त्या आवाज करतात. एखाद्या गिअरमध्ये घरघर सुरू होते, दुसरा गिअर टाकताना खरखर होते, उतारावर पाय उचलला की गिअर आपोआप निसटतो. ही लक्षणे आठवडेच काय, महिनेही चालतात. काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेली गाडी आज सकाळी गिअर घेत नसेल, तर संशय आधी बाहेरच्या भागांवर घ्यावा. क्लचची वायर, क्लचचे हायड्रॉलिक सिलिंडर, गिअर लिव्हरच्या जोडणीतले बुश, इंजिनाचे माउंटिंग आणि चाकापर्यंत फिरकी नेणारे शाफ्ट हे भाग तुटतात किंवा निसटतात ते एका क्षणात, आणि ते सगळे गिअरबॉक्सच्या पेटीबाहेर आहेत.

गिअर पडत नसेल तर पहिली परीक्षा फुकटची आहे. इंजिन बंद करावे आणि सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि इंजिन चालू केल्यावर एकही पडत नाही, असे असेल तर गिअरबॉक्स बहुधा शाबूत आहे. क्लच पूर्ण सुटत नसल्याने इंजिनाची फिरकी पेडल दाबल्यावरही आत पोहोचत राहते. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, त्यामुळे या दोषाची पहिली खरखर रिव्हर्समध्येच ऐकू येते.

मारुती ८०० सारख्या गाडीत क्लच वायरवर चालते. वायरचे टोक गिअरबॉक्सजवळच्या आर्मला जिथे अडकते, तिथे टॉर्चचा उजेड टाकून पाहिले, तर पुष्कळदा बारीक तारांचे दोन-तीन धागे उसवून वर आलेले, उरलेल्या तारा ताणून पातळ झालेल्या आणि समायोजनाची चकती आट्यांच्या शेवटापर्यंत गेलेली दिसते. अशी वायर एक दिवस तुटतेच. तिचा खर्च आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च यांची तुलनाच होत नाही. क्लच हायड्रॉलिक असेल तर पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबून गिअर टाकून पाहावा. तसे केल्यावर तो पडत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गळते आहे. टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी, पेडलच्या मागची ओल आणि खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीतला ओलावा पाहिला की खुलासा होतो.

इंजिन बंद असो वा चालू, गिअर पडतच नसेल आणि लिव्हर सैल होऊन कुठेही फिरत असेल, तर जोडणी सुटली आहे. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड किंवा केबल जाते, तिच्या टोकाचे प्लास्टिक वा रबरी बुश वयाने ठिसूळ होते आणि एका धक्क्यात फुटते. एकाने आत बसून लिव्हर हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा आर्म हलतो का ते पाहावे. पाच मिनिटांत उत्तर मिळते.

गिअर पडतो, पण गाडी हलत नाही, ही तक्रार वेगळी आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात या दोन्ही एकाच दावणीला बांधल्या आहेत. येथे आधी क्लच घसरते का ते पाहावे. तुळजापूरच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट संपली आहे. वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यावर तासन्‌तास अर्ध्या क्लचवर गाडी सरकवणाऱ्यांच्या प्लेटा अशाच जळतात. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो हे खरे, पण उतरवणे निराळे आणि उघडणे निराळे. गॅरेजमध्ये हा फरक स्पष्ट बोलून घ्यावा.

क्लच ठीक असेल तर शाफ्टकडे वळावे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सपाट जागी हँडब्रेक सोडून, गिअर टाकून क्लच हळूच सोडावी आणि बाजूला उभ्या माणसाने प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा लांब दांडा, फिरतो का ते पाहावे. या वेळी गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली कोणीही असता कामा नये. शाफ्ट फिरतो आणि गाडी उभीच राहते, म्हणजे गिअरबॉक्सने आपले काम केले आहे. दोष पुढे, डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारी यंत्रणा) किंवा तुटलेल्या एक्सलमध्ये आहे. साध्या डिफरन्शियलच्या रचनेत एका बाजूचा एक्सल तुटला तरी सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूने निघून जाते आणि दुसरे चांगले चाक जागेवरच राहते. पुढच्या चाकांच्या गाडीत हीच गत ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट निखळला की होते.

आता ऑइलविषयीचे विधान. त्याचा उगम ऑटोमॅटिक गाड्यांमधील अनुभवात आहे. ऑटोमॅटिकमध्ये घर्षण पट्ट्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्या झिजून घसरू लागल्यावर मालक घाईने ऑइल बदलतो, गाडी पुढे काही दिवसांत थांबते, आणि दोष नव्या ऑइलच्या माथी येतो. बिघाड आधीपासून होता, हे लक्षात घेतले जात नाही. हाताने गिअर टाकायच्या साध्या गिअरबॉक्समध्ये तर ही भीतीही लागू होत नाही, कारण कोरडी क्लच प्लेट पेटीबाहेर असते. ऑइलचे काम दातांना व बेअरिंगना वंगण देणे एवढेच.

उलट ऑइल काढून पाहणे हीच पेटी न उघडता आत डोकावण्याची सर्वांत चांगली वाट आहे. गाडी सपाट जागी उभी करून आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा काढावा. वरचा गंजून अडकला असेल तर रिकामी पेटी भरायची कशी, असा प्रश्न पडतो. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी बारीक लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे. पोलादाचे तुकडे किंवा दाताचा कपचा निघाला, तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल, आणि त्या स्थितीत गाडी पुढे चालवू नये. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा ज्या गाड्या पाण्यातून काढल्या गेल्या, त्यांच्या मालकांनी हे आवर्जून तपासावे. तापलेली पेटी पाण्यात अचानक थंड झाली की ब्रीदरमधून, म्हणजे पेटीला हवा येण्या-जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून, पाणी आत ओढले जाते.

नवे ऑइल भरताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच दर्जा घ्यावा. पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितले असताना ‘वरचे आहे’ म्हणून जीएल-५ भरणे चुकीचे आहे. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर जोराने घसरत फिरणाऱ्या, दातांसाठी असते आणि त्यातील गंधक-फॉस्फरसची वाढीव मात्रा काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. दुकानदाराकडे दुसरे शिल्लक नाही, एवढ्या कारणावरून तडजोड करू नये.

२०१४ नंतर आलेल्या एएमटी (क्लचचे पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्याही आता जुन्या गाड्यांत मोडू लागल्या आहेत. यांत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच आणि गिअर हलवण्याचे काम तेवढे यंत्रणा करते. गाडी न्यूट्रलमध्येच अडकली तर बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज), ब्रेक पेडलचा स्विच आणि स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड पाहिल्याशिवाय कोणालाही पाना लावू देऊ नये.

राहिला जुना गिअरबॉक्स आणून बसवण्याचा सल्ला. पेटी खरोखरच फुटली असेल आणि दुरुस्तीचे सुटे भाग मिळत नसतील, तर तो मार्ग योग्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तपासणीशिवाय केलेली ही खरेदी म्हणजे आपली चांगली पेटी देऊन दुसऱ्याची अनोळखी पेटी विकत घेणे होय. क्लचच्या वायरचा दोष तसाच राहिला, तर नव्याने बसवलेल्या पेटीतही गिअर पडणार नाही. घ्यायचीच वेळ आली, तर इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा, शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगमधला खेळ पाहावा, स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या उभ्या खाचांचे) दात मोजून आपल्या क्लच प्लेटशी जुळवावेत, आतले उरलेले ऑइल बोटावर घेऊन उजेडात धरावे, आणि परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.