‘महिला विभाग’ नावाचं कपाट

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ‘महिला विभाग’ अशी पाटी लावलेलं एक कपाट आहे. आत पाककृती, रांगोळ्या, व्रतवैकल्यं, गरोदरपणाची काळजी आणि सुखी संसाराचे उपदेश. म्हणजे बाईनं काय करावं ते सगळं. बाईनं काय केलं, काय भोगलं, ते मात्र ‘चरित्र-आत्मचरित्र’च्या सगळ्यात वरच्या फळीवर. तिथं स्टुलाशिवाय हात पोचत नाही. दुपारी कामं आटोपून आलेली बाई स्टूल कशाला मागेल? समोर दिसलं ते घेते अन् निघते. मग संचालक मंडळी म्हणतात, “बायका हेच वाचायल्यात, आम्ही काय करावं?”

माझं म्हणणं एवढंच की त्या कपाटातला उपदेश बाहेर काढा आणि बायकांनी स्वतः सांगितलेलं आत ठेवा. (पाककृती राहू द्या, त्या कामाच्या आहेत.)

सुरुवात आपल्याच मराठवाड्याच्या मातीतून करा. संत बहिणाबाई. नाव काढलं की समोर बहिणाबाई चौधरींचं पुस्तक येतं. त्या थोरच, पण खानदेशातल्या. ह्या त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या, कन्नडजवळच्या देवगावच्या. तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न. पुढं ब्राह्मणाच्या घरात तुकोबांचा ध्यास लागला म्हणून नवऱ्याचा मार. हे सगळं तिनं स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलंय, सतराव्या शतकात! अन् गंमत अशी की तिनं नवरा सोडला नाही, पतिव्रतेच्या धर्मावरही अभंग लिहिले. बंडखोर म्हणून मिरवायला ती सोयीची नाही, म्हणूनच मला ती जास्त खरी वाटते.

आपल्या जालन्याला खेटून बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला आपलं तान्हं बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर चर्चा झडल्या. ताराबाई भडकल्या आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून मोकळ्या झाल्या. छोटंसं पुस्तक आहे, बसस्टँडवर गाडीची वाट बघताना संपेल. भाषा मात्र अशी तिखट की बाजूला बसलेल्या पाव्हण्याला मोठ्यानं वाचून दाखवावंसं वाटेल.

‘स्मृतिचित्रे’ जाड आहे म्हणून बायका घेत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ते पुस्तक आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या काकूंनी पदराला डोळे पुसत अन् हसत वाचलं. वडिलांच्या सोवळ्याचा जाच, नवऱ्यानं धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट, आणि तरीही स्वतःचीच फजिती रंगवून सांगायची खोड. संक्षिप्त आवृत्ती नका देऊ, अख्खं द्या.

आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या या बाईनं दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांना पत्ता लागू न देता लिहिलं. जातीचा जाच जितका स्पष्ट, तितकाच घरातल्या पुरुषांच्या हातचा मारही. आमच्याकडे एक सद्गृहस्थ म्हणाले, “असलं वाचून घरात भांडणं लागतात.” लागू द्या की! पुस्तक यायच्या आधी काय शांतता नांदत होती?

नव्यांत नांदेडला जन्मलेल्या कविता महाजनांची ‘ब्र’ घ्या. आरक्षणानं पंचायतीत गेलेल्या बायकांचं पुढं काय होतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक ‘सरपंचपती’नं वाचावं अशी कादंबरी. कवितेत अनुराधा पाटील. ‘कदाचित अजूनही’ला २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी आमच्याकडे ते पुस्तक नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून, बरोबरीच्या लोकांना घेऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बीडच्या माजलगावात बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. त्या आज मोबाईलवर ऐकता येतात. वाचनालयात आठवड्यातून एक दुपार तेवढ्यासाठी ठेवली तर खर्च काय येणार? ऐकता ऐकता एखादी आजी आपली ओवी म्हणेलच, ती वहीत उतरवून घ्यायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तर सहा-सहा महिने गावात नसतात. त्या दिवाळीनंतर कारखान्याकडे निघायच्या आत हे सुरू व्हायला हवं.

या महिन्यात नव्या खरेदीची यादी होणार आहे, वरची नावं मी देतेय. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनाची जास्तीची प्रत कुणाकडे असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, पोस्टाचा खर्च माझ्याकडे.