बिंग, भांडे आणि डीबंक

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बी विंगच्या काकांनी, रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत अंतराळातून घातक किरण येणार असल्यामुळे मोबाइल बंद करून उशापासून दूर ठेवावेत, हा जुनाच मेसेज नव्या काळजीने टाकला. त्याखाली ‘हा दावा केव्हाच डीबंक झाला आहे’, म्हणजे त्यातला फोलपणा उघड झाला आहे, एवढे लिहून मी, अर्थातच मोबाइल उशाशी घेऊन, झोपलो. सकाळी काका दुधाची पिशवी घेऊन दारात उभे होते.

“माझं काय बिंग फोडलंत, ते तोंडावर सांगा!”

बिंग फुटते ते माणसाचे, भांडे फुटते तेही माणसाचेच, आणि कल्हई उडाल्यावर उघडे पडणारे पितळही कोणाचे तरी असते. डीबंक मात्र बहुधा समज होतो, दावा होतो, तो पुढे पाठवणारा सज्जन नव्हे, असे मी उंबरठ्यावरच समजावू लागलो. तेवढ्यात चिरंजीवांनी विचारले, “बाबा, बंक केलेल्या लेक्चरला परत जाऊन बसणं म्हणजे डीबंक ना?”

हा बंक निराळा, हे सांगण्यासाठी मला थेट अमेरिकेत जावे लागले. १८२० साली तेथील प्रतिनिधिगृहात मिसुरीला राज्य म्हणून सामील करून घेण्याच्या प्रश्नावरील चर्चा लांबली असताना फेलिक्स वॉकर बोलायला उठले आणि कंटाळलेले सहकारी मतदानासाठी ओरडू लागले, तेव्हा आपण बंकमसाठी बोलत आहोत, असे त्यांनी सांगितले.

“बंकिमचंद्र?” काकांनी आदराने पिशवी खाली ठेवली.

बंकम हा नॉर्थ कॅरोलायनातील, वॉकर यांच्या मतदारसंघातील परगणा. त्याच्या नावावरून पोकळ बडबडीला बंकम म्हणू लागले, त्याचे आखूड होऊन बंक झाले, आणि १९२३ साली विल्यम वुडवर्ड यांनी ‘बंक’ याच नावाच्या कादंबरीत त्याच्याआधी ‘डी’ लावून ती पोकळी उघडी करण्याचे क्रियापद घडवले. एवढे ऐकेपर्यंत पिशवीभोवती पाण्याचे थारोळे साचले होते. “म्हणजे मेसेज खोटा, मी नाही,” असे म्हणून काका समाधानाने गेले.

रविवारी सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर मतदान व्हायचे होते आणि काका वीस मिनिटे गावाकडच्या विहिरीविषयी बोलत होते. “मुद्द्यावर या!” असा गलका झाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहत शांतपणे हात वर केला.

“मी बी विंगसाठी बोलतोय,” ते म्हणाले. “इतिवृत्तात घ्या.”